फिटरबाईनं परत मागितलेल्या चाळीस खुर्च्या

तुम्ही आयुष्यात कुणाला तरी काहीतरी दिलं असेलच. जुने कपडे, उरलेली औषधं, पोराची वापरलेली सायकल. खरं सांगा, त्यानंतर महिन्याभरानं त्या माणसाच्या घरी जाऊन, आपण दिलेल्या वस्तूनं त्याचं भलं झालं की वाटोळं, हे एकदा तरी बघून आलात का? नाही ना? मग मुकाट्यानं बसा आणि ऐका. नाक मुरडू नका. फिटरबाईसुद्धा एकदा तुमच्यासारखीच वागली होती, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

फिटरबाई हे काही तिचं नाव नव्हे. नाव मतदार यादीत आणि चर्चच्या रजिस्टरात आहे, तिथंच राहू दे. सायकलच्या कारखान्यात चाकं जुळवण्याच्या लायनीवर तिनं एकोणीस वर्षं काढली. रिम फिरवायची, कान जवळ न्यायचा, कुठला आरा सैल आहे ते अंगठ्यानं शोधायचं आणि पाना लावायचा. शिकून आलेले लोक जे मापं लावून शोधायचे, ते ही शिळोप्याच्या गप्पा मारता मारता शोधायची. तरी कारखान्याच्या कागदावर ती शेवटपर्यंत ‘मदतनीस’च राहिली. एकदा सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, “फिटर कोण आहे इथं? तू की तो?” लायनीवरच्या बायका एका सुरात ओरडल्या, “ती!” त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, लेक आपल्या संसारात होती, आणि घरात होती सासू, उजवी बाजू लुळी पडलेली. जीभ मात्र शाबूत. चर्चच्या दवाखान्यानं सासूला चाकाची खुर्ची दिली. डावं चाक जाम, ब्रेक एकाच बाजूला, सीट हमालाच्या झोळीसारखी खाली लोंबलेली. सासू दोन तास बसली आणि म्हणाली, “अगं, देवानं पाय नेले ते नेले. ही खुर्ची उरलेली हाडं न्यायला आलीय.”

सून हसली, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. एका दुपारात तिनं खुर्ची पूर्ण खोलली, बेअरिंग घासलं, ग्रीस भरलं, सीटखाली फळी आणि फळीवर फोम घातला. मग खुर्चीची तक्रार करायला दवाखान्यात गेली, तर मागच्या अंगणात आणखी अकरा खुर्च्या गंजत पडलेल्या. ती थेट चर्चमध्ये गेली. तेव्हाचे पाळक वयस्कर होते. त्यांना तिनं ना नमस्कार घातला ना पाणी मागितलं. म्हणाली, “दान म्हणून भंगार वाटता होय? मला एक खोली द्या आणि त्या अकरा खुर्च्या द्या. पगार नको.”

खोली मिळाली. चर्चमागची पत्र्याची शेड, जिथं मोडकी बाकं ठेवत. तिथून आजपर्यंत तेरा वर्षं झाली. आज त्या शेडमध्ये भिंतीला खिळे ठोकून पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले आहेत. एका कोपऱ्यात टायरट्यूब, दुसऱ्या कोपऱ्यात फोमचे तुकडे जाडीप्रमाणे लावलेले, आणि मधोमध लाकडी उतार, ज्यावरून खुर्ची चढवून-उतरवून बघायची. सासू जाऊन नऊ वर्षं झाली. तिची खुर्ची चौथ्या माणसाकडे आहे आणि चाक अजून आवाज करत नाही.

या शेडचा एक नियम आहे. असला नियम मी तरी दुसरीकडे कुठं बघितलेला नाही. ज्यानं खुर्ची दुरुस्त केली, त्यानं ती बाहेर जाण्याआधी एक अख्खा दिवस तिच्यात काढायचा. पाय पट्ट्यानं बांधून, म्हणजे चोरून उठता येणार नाही. चहा तिच्यात, जेवण तिच्यात, बाजार तिच्यात, आणि हो, संडासापर्यंतसुद्धा तिच्यातच. संध्याकाळी जिथं जिथं दुखलं ते सगळं वहीत लिहायचं. घेणाऱ्याचं माप आधीच घेतलेलं असतं: कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागच्या लवणापर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची. खुर्ची त्या मापाला आणायची. दिल्यावर आठव्या दिवशी घरी जायचं, मग महिन्यानं, मग दर वर्षी. सुरुवातीला लोक हसायचे. धडधाकट बाई पाय बांधून बाजारात वांगी निवडतेय म्हटल्यावर हसणारच. ती उलट ओरडायची, “हसताय काय? त्या पायरीवर एक फळी टाका, मग हसा!” भाजीवाल्यानं फळी टाकली. ती अजून आहे.

उशा शिवायचं काम शिंपिणीचं. शिंपीण फिटरबाईच्याच वयाची. विशीत अंगावर भिंत पडली आणि कमरेखाली जाणीव गेली. पस्तीस वर्षं खुर्चीत बसून तिनं अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवलेत. शेडमध्ये दोघींचं दिवसातून चार वेळा भांडण आणि पाच वेळा चहा. बसण्यातलं शास्त्र फिटरबाईला तिनंच शिकवलं. “तुम्हा लोकांचं बूड दुखलं की तुम्ही कूस बदलता,” ती म्हणायची. “आमचं दुखतच नाही. म्हणून कुजतं.”

म्हणून तर दर अर्ध्या तासानं शिंपीण हातांवर जोर देऊन अंग उचलते. शिवणयंत्र चालू असो की प्रार्थना.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

गेल्या वर्षी चर्चच्या सेवाकार्याच्या कमिटीवर नवे अध्यक्ष आले. निवृत्त बँक अधिकारी, सरळ माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. शेडचं गळकं छप्पर बघून त्यांचा जीव तुटला. वर्षभर पत्रं लिहून लिहून त्यांनी एका मोठ्या दानशूर संस्थेला पटवलं: आधी चाळीस कोऱ्या खुर्च्या, मग एकशेवीस, आणि सगळं नीट पार पडलं तर शेडच्या जागी पक्की खोली. चर्चमध्ये ‘कारभारी’ हा शब्द दर दोन रविवारी कानावर पडतो. मालक वरचा, आपण फक्त सांभाळणारे. अध्यक्षांच्या लेखी कारभारीपण म्हणजे देणाऱ्याचं मन सांभाळणं. फिटरबाईच्या लेखी घेणाऱ्याचं बूड सांभाळणं. एरवी ती दोन्ही एकाच शेडमध्ये नांदली असती.

खुर्च्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आल्या. निळ्या रंगाच्या, चकचकीत, पाठीवर पांढऱ्या अक्षरात संस्थेचं नाव. चाळीसच्या चाळीस एकाच मापाच्या.

“एका दिवसाचा नियम कसा पाळायचा?” शिंपिणीनं विचारलं.

“कोऱ्या आहेत गं. ह्यात काय बघायचं?” फिटरबाई म्हणाली.

शिंपिणीनं आपली खुर्ची एका निळ्या खुर्चीला भिडवली, हातांवर तोलून अंग तिच्यात टाकलं आणि तासभर तिथंच शिवत बसली. मग मांडीखाली हात घालून म्हणाली, “सीट लांब आहे. कड गुडघ्यामागं येते. आखूड पायांचा माणूस पुढं घसरणार आणि माकडहाडावर बसणार.”

फिटरबाई त्या वेळी कार्यक्रमाची साडी दुकानातून आणून घडी उलगडत होती. स्टेजवर तिचं नाव पुकारणार होते. ज्या बाईला एकोणीस वर्षं मदतनीस म्हटलं, तिला संस्थेचे मोठे लोक ‘संस्थापिका’ म्हणणार होते. “तुला सोन्याची खुर्ची दिली तरी तिच्यात काटा सापडेल,” ती म्हणाली.

शिंपिणीच्या तोंडात टाचणी होती. तिनं ती जिभेनं दुसऱ्या बाजूला सारली आणि पुढची शिवण घातली.

कार्यक्रम झक्क झाला. पाऊण तासात चाळीस खुर्च्या. नाव पुकारायचं, माणूस उचलून बसवायचा, फोटो, टाळ्या, पुढचा. फिटरबाईचा फोटो पेपरात आला. तिनं तो कापून शेडच्या दारामागं चिकटवला. आठव्या दिवशी घरी जायचं राहिलं, कारण सत्कार सुरू होते. कधी दुसऱ्या चर्चच्या मंडळीत, कधी एखाद्या महिला मंडळात. छाती फुगली की खाली पाय दिसत नाहीत म्हणतात, तसं झालं.

तीन आठवड्यांनी औषधाच्या दुकानात ड्रॉइंग मास्तरांची बायको भेटली. मास्तरांनाही त्या चाळीसमधली एक खुर्ची मिळाली होती. हातात कापूस, पट्ट्या आणि जखम धुवायची बाटली.

“कुणाला काय झालं वहिनी?”

“काही नाही हो ताई. मास्तरांना मागं जरा खरचटलंय.”

फिटरबाई वहिनींच्या पुढं चालत त्यांच्या घरी पोचली.

ड्रॉइंग मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. मणक्याच्या दुखण्यानं चार वर्षं पलंगावर होते. निळी खुर्ची मिळाल्यापासून खिडकीपाशी टेबल लावून रोज आठ-आठ तास चित्रं काढत होते. भिंतीवर दोरी बांधून वाळत घातलेली चित्रं: समोरचा नळ, नळावरची भांडी, शेजाऱ्याची आळशी मांजर. मास्तर बुटके, पाय आखूड. पाठ टेकवली की सीटची कड पोटरीत घुसत होती, म्हणून ते पुढं सरकून बसलेले.

“मास्तर, मला जखम बघू द्या.”

“अहो बाई, त्यात काय बघायचंय? मला तर तिथलं काही कळतसुद्धा नाही. सगळ्यांना सांगतोय, बरं चाललंय म्हणून!”

वहिनींनी त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, मध्ये काळी. भोवतालच्या लालीवर फिटरबाईनं बोट दाबून उचललं. लाली जागची हलली नाही. शिंपिणीनं तिला पहिल्या वर्षी शिकवलेली खूण ती. दाबल्यावर पांढरी पडून परत आली तर वाचलात. नाही पडली तर आत कुजायला लागलंय.

“दवाखान्यात जायचं. आत्ता.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “खुर्ची नेणार का हो?” त्यांनी विचारलं. “बाई, चार वर्षांनी टेबलाशी बसलो होतो.”

देवाची इच्छा, असं म्हणायला फिटरबाईची जीभ धजली नाही, कारण इच्छा कुणाची होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. मास्तरांना दवाखान्यात सोडून ती शेडमध्ये आली. शिंपीण यंत्रावर होती.

“मास्तरांना जखम झाली. सीट लांब पडली.”

यंत्र थांबलं. “बाकीचे एकोणचाळीस?”

“माहीत नाही.”

“मी बोलले होते.”

“बोलली होतीस.”

“आणि तू साडी बघत होतीस.”

“होय गं बाई, साडी बघत होते!” फिटरबाई ओरडली आणि मटकन उतारावर बसली. तिचे खांदे हलायला लागले.

शिंपिणीनं तिला तेवढा वेळ दिला, पण फार नाही. मग म्हणाली, “पुरे. रडून फोम कापला जात नाही. यादी काढ.”

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. अध्यक्ष, पाळक, चार सभासद. आताचे पाळक तरुण आहेत. फिटरबाईला काकू म्हणतात आणि थोडे घाबरतात. तिनं उभ्यानंच सांगितलं, चाळीसही खुर्च्या परत मागवायच्या, प्रत्येकाचं माप घ्यायचं, सीट कापायची, उशा शिवायच्या. आणि तोवर कुणीही त्यात बसायचं नाही.

अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं. “बाई, एका माणसाला जखम झाली. वाईट झालं. त्याचा उपचार आपण करू. पण पुढच्या महिन्यात संस्थेची माणसं पाहणीला येणार आहेत. त्यांनी काय बघायचं? आपण त्यांचं दान घरोघर जाऊन काढून घेतलंय ते?”

“होय. तेच.”

“एकशेवीस खुर्च्या जातील. खोली जाईल. ज्यांना अजून काहीच मिळालं नाही, पलंगावरच आहेत, त्यांच्या वाट्याचं तुम्ही घालवताय. त्याचा हिशेब कोण देणार?”

हा प्रश्न खोटा नव्हता. फिटरबाईलाही ते कळलं, म्हणूनच ती जास्त चिडली. “साहेब, असल्या खुर्च्या एकशेवीस वाटल्या तर एकशेवीस जखमा वाटू. पलंगावर निदान अंग शाबूत आहे त्यांचं.”

“एक काम करा. गुपचूप एकेकाकडे जा. गाजावाजा कशाला?”

“गुपचूप एकेकाकडे जायला तीन महिने लागतील. तोवर माणूस मरेल. पत्ते निम्मे अर्धवट आहेत. पाऊण तासात वाटल्या ना आपण! रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर सांगितलं तरच लोक शोधतील.”

एक सभासद हळूच म्हणाला, “पण मंडळीसमोर म्हणजे... चूक कुणाची सांगणार?”

“माझी. आणखी कुणाची? खुर्च्या काय आपल्या पायांनी चालत गेल्या?”

पाळक इतका वेळ नुसते ऐकत होते. “काकू,” ते म्हणाले, “तुम्हाला चूक कबूल करून मोकळं व्हायचंय, की लोकांना वाचवायचंय? कारण दोन्ही एकच नाही.”

पोरानं नेमकी नस पकडली होती. पहिल्यांदाच तिनं खुर्ची ओढली आणि बसली. “वाचवायचंय,” ती म्हणाली. “कबूल नाही केलं तर वाचत नाहीत, म्हणून कबुली.”

मतं पडली, तीन विरुद्ध तीन. फिटरबाईला मत नव्हतं. पाळकांनी पुन्हा मत घेतलं नाही. म्हणाले, “रविवारी सूचनांची वेळ माझ्या हातात असते. ती काकूंची.”

अध्यक्षांनी सभेच्या मिनिटबुकात आपला विरोध लिहायला लावला. खालची सही स्वच्छ, गोल.

रविवारी उपासनेत गाणं संपलं, सूचना आल्या. फिटरबाई पुढं गेली. तिला भाषण जमत नाही, भांडण जमतं. तिनं तेच केलं, फक्त स्वतःशी.

“मला तुम्ही सगळे ओळखता,” ती म्हणाली. “तेरा वर्षं मी तुम्हाला ऐकवतेय, की मापाशिवाय खुर्ची द्यायची नसते. मागच्या महिन्यात मी मापाशिवाय चाळीस दिल्या. मला स्टेजवर जायचं होतं. मला एकीनं आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यातल्या एका माणसाचं अंग कुजलंय. बाकीचे कसे आहेत मला माहीत नाही, कारण मी बघायला गेले नाही. ज्यांच्या घरी, गल्लीत, ओळखीत निळी खुर्ची असेल त्यांनी आज मला सांगायचं. त्या माणसाला आज पलंगावर झोपवायचं. खुर्ची मी येऊन नेईन आणि मापाची करून परत देईन. आणि ज्यांना वाटतं की असल्या बाईनं हे काम सांभाळू नये, त्यांचं बरोबर आहे. मी शेड सोडते.”

मग मधल्या वाटेवरून चाकं आली. शिंपीण.

“सोडते म्हणे!” तिचा आवाज तीन बाकांपलीकडे सहज जातो. “राजीनामा देऊन पळतेस होय? आधी चाळीस घरं चाल. मग बघू तुला ठेवायचं की काढायचं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले, फिटरबाईसुद्धा, नाक पुसत. आणि त्या हसण्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली. “माझ्या सुनेची खुर्ची निळीच आहे. ती चार दिवस बसली आणि म्हणाली नको. आम्ही तिलाच बोललो, आळशी म्हणून.” तिच्यामागं एक रिक्षावाला उठला, मग एक परिचारिका. उपासना संपेपर्यंत सव्वीस पत्ते झाले होते.

बाहेर पायरीवर अध्यक्ष उभे होते. फिटरबाई त्यांना टाळून जायला लागली.

“बाई.”

“बोला.”

“माझा विरोध आजही आहे. तुम्ही मोठं नुकसान केलंय.”

“बरं.”

“पण चाळीस खुर्च्या तुम्ही डोक्यावरून आणणार का? माझ्या गाडीला मागं जागा आहे. कुठून सुरुवात करायची?”

पुढचे सहा आठवडे ते दोघं घरोघर फिरले. बँकेचा निवृत्त साहेब गुडघ्यांवर बसून लोकांच्या पोटऱ्यांना टेप लावत होता आणि ती वर उभी राहून वैतागत होती, “साहेब, लवणापर्यंत! लवण म्हणजे गुडघ्यामागचा खळगा, तुमच्या शर्टाचा खिसा नव्हे!” काही घरांत शिव्या खाल्ल्या. दिलेलं परत मागायला आलात म्हणून एका आजोबांनी काठी उगारली. फिटरबाईनं काठीखाली उभं राहूनच त्यांचं माप घेतलं. नऊ जणांना लाली आलेली सापडली. मास्तरांखेरीज आणखी एकीची जखम उघडी होती, अजून उथळ. ती वेळेत सापडली. पोटावर झोपून, पट्ट्या बदलून सगळे नऊ बरे झाले आणि तीही बरी झाली.

मास्तर दोन महिने दवाखान्यात पालथे होते. छातीखाली उशी घेऊन पलंगावरून जमिनीवरच्या कागदावर चित्रं काढायचे. म्हणायचे, “आता सगळ्यांचे फक्त पायच दिसतात. पायांचं बरं जमायला लागलंय.” त्यांच्या खुर्चीची सीट चार बोटं आखूड झाली आहे. रोज दोनच तास बसायची परवानगी आहे. वहिनी घड्याळ लावून उठवतात.

एकशेवीस खुर्च्या आल्या नाहीत. पक्की खोली झाली नाही. छप्पर गळतं तिथं बादली आहे. मध्यंतरी त्या दानशूर संस्थेचं एक पत्र आलं, तुमच्या मापाच्या कागदाची प्रत पाठवाल का म्हणून. फिटरबाईला त्यात काही डाव दिसला. शिंपीण म्हणाली, “डाव असेल तर असू दे. प्रत पाठव.” आणि पाठवली.

कारण शेड आता शिंपिणीच्या सहीवर चालते. चाळीस घरं चालून झाल्यावर कमिटीपुढं तसा ठराव फिटरबाईनंच मांडला: यापुढे जो स्वतः खुर्चीत जगतो, त्याच्या सहीशिवाय एकही खुर्ची दाराबाहेर जाणार नाही, मग ती फिटरबाईनं केलेली असो की आभाळातून पडलेली. ठरावाला अनुमोदन अध्यक्षांचं. गेल्याच आठवड्यात शिंपिणीनं फिटरबाईनं केलेली एक खुर्ची परत पाठवली. पुढचं एक लहान चाक बाजूला ओढत होतं.

“कुठं ओढतंय? माझा कान काय बहिरा झालाय?”

“कान ठेव बाजूला. बस तिच्यात आणि बाजारात जाऊन ये.”

फिटरबाई पुटपुटत, पाय बांधून बाजारात गेली. डावं चाक ओढत होतं. परत येऊन तिनं पाना उचलला. दारामागचा पेपरातला फोटो मात्र अजून तिथंच आहे. तिनं काढला नाही. “मी किती मूर्ख दिसते ते रोज बघायला लागतं,” म्हणते. खरं तर त्यात ती छान दिसते आणि हे तिलाही माहीत आहे.

तर, चाळीसपैकी अडतीस खुर्च्या परत आल्या, मापाच्या होऊन पुन्हा गेल्या. दोन सापडलेल्या नाहीत. एक कारकुनाच्या विधवेला दिली होती. मुलाच्या बदलीबरोबर ती भाड्याची खोली सोडून गेली, कुठं ते घरमालकाला माहीत नाही. दुसरी एका पहारेकऱ्याला. त्याच्या पत्त्यावर आता कपड्यांचं गोदाम आहे. दोघांनाही कमरेखाली काही कळत नाही. दोघंही कुणी विचारलं तर बरं चाललंय असंच सांगत असतील. फिटरबाई दर शनिवारी बाहेर पडते आणि नवी गल्ली शोधते, पण गल्ल्या फार आणि बाई एकच.

तुमच्या गल्लीत, बिल्डिंगखाली, दवाखान्याच्या रांगेत निळी चाकाची खुर्ची दिसली, पाठीवर पांढरी अक्षरं असलेली, तर नुसतं बघून पुढं जाऊ नका. त्या माणसाला विचारा, खुर्ची कुठून मिळाली. चर्चमधून म्हणाला तर त्याला म्हणा, फिटरबाई तुम्हाला शोधतेय, आज पलंगावर झोपा. आणि लगेच, उद्यावर न टाकता, चर्चमागच्या शेडमध्ये निरोप द्या.